लाडू कोरडा पडतोय, कात तुकड्यातुकड्यांत निघाली (लाडू हा साप आहे)

कढीपत्ता (५ डिसेंबर)

पाककृती विभाग समजून आत आलेल्यांची आधीच माफी मागते. लाडू हा माझ्या लेकीचा बॉल पायथन. घाबरला की अंगाचा गोळा करून बसतो म्हणून लाडू. आम्ही डेन्व्हरला असतो. सप्टेंबरमध्ये गाव सोडून जाणाऱ्या एका कुटुंबाकडून तो काचेच्या टँकसकट आमच्याकडे आला. दीड वर्षाचा, साधारण अडीच फूट, अत्यंत गरीब स्वभावाचा. (माझा साप पाळण्याला विरोध होता. आता त्याला 'बाळा' म्हणते. असो.)

ऑक्टोबरपर्यंत सगळं ठीक होतं. घरातलं हीटिंग सुरू झालं आणि बिनसलं. गेल्या आठवड्यात डोळे दुधाळ निळे झाले, रंग फिका पडला, म्हणजे कात टाकणार हे कळलं. पण कात सलग न निघता उन्हात सोललेल्या पाठीसारखी तुकड्यांत निघाली. शेपटीच्या टोकाला एक कडं अजून अडकलंय आणि उजवा डोळा डाव्यापेक्षा धुरकट दिसतो. तीन आठवडे खाल्लेलंही नाही.

टँकवर जाळीचं झाकण, त्यावर १०० वॅटचा दिवा, खाली अ‍ॅस्पेन लाकडाचा भुसा, कोपऱ्यात वाटीभर पाणी. भिंतीला चिकटवलेला गोल काट्याचा आर्द्रतामापक ५० टक्के दाखवतो. दिवसातून तीनदा स्प्रे मारते, अर्ध्या तासात पुन्हा सगळं खडखडीत. काय चुकतंय?

खमंग_फोडणी

लाडू कोरडा पडला तर दुधाचा हबका मारून झाकून ठेवायचा, हे टाइप करत आत आलो होतो. कंसातलं वाचलं नव्हतं. निघतो.

बोका_इन_बूट

अंगावर काटा आला. तरी रुमाल टाकून ठेवतो, वाचायचंय.

निवांत_नाग

मी मिनियापोलिसला, दोन बॉल पायथन, नऊ वर्षं. आमच्याकडचा हिवाळा तुमच्याहून वाईट, तेव्हा अनुभवाचे बोल समजा.

कात सलग न निघण्याचं कारण बहुतेक वेळा कोरडेपणाच असतो. जुन्या कातीखाली नवी कातडी तयार झाली की दोन्हींच्या मध्ये एक पातळ द्रव उतरतो, त्यामुळे तर डोळे निळसर दिसतात. मग चार-पाच दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात आणि त्यानंतर काही दिवसांत कात निघते. या काळात जुनी कात वाळून कडक झाली की ती मोज्यासारखी उलटत सरकत नाही, फाटते. बॉल पायथनला साधारण ६० टक्के आर्द्रता लागते, कात टाकताना ७० च्या आसपास. तुमच्या टँकमध्ये ५० असती तर इतका फज्जा उडाला नसता. त्या काट्यावर विश्वास ठेवू नका. डिजिटल आणा आणि मिठाची परीक्षा घ्या: बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ, त्यावर थेंबभर पाणी, ओल्या वाळूइतपत. पार विरघळू द्यायचं नाही. ते झाकण आणि मापक एका झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. आत ७५ टक्के यायला हवेत. जेवढे कमीजास्त दाखवेल तेवढी त्या मापकाची चूक.

दुसरं, जाळीवर दिवा म्हणजे तुम्ही धुराडं बांधलंय. गरम हवा वर जाते, ओल घेऊन जाळीतून निघून जाते आणि खालून खोलीतली कोरडी हवा आत येते. दिवसभर स्प्रे मारलात तरी भरपाई होणार नाही. दिव्याभोवतीची जागा सोडून तीन चतुर्थांश जाळी अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलने बाहेरून झाका. चिकटपट्टी टँकच्या आत कुठेही नको. साप तिला चिकटला की ती सोडवताना खवले निघतात. माझ्या पहिल्या वर्षातली ही चूक आहे, अजून आठवलं की पोटात कसंतरी होतं.

तिसरं, भुसा बदला. अ‍ॅस्पेन ओला झाला की बुरशी धरतो, म्हणून कोरड्यात राहणाऱ्या सापांनाच तो ठीक. तुम्हाला नारळाच्या सालीचे तुकडे हवेत, चांगले तीन-चार इंच. पाणी वरून शिंपडायचं नाही, चार कोपऱ्यांत ओतायचं. तळ ओला आणि वरचा थर कोरडा राहिला पाहिजे. वरचा थर कायम ओला राहिला तर पोटाखालच्या खवल्यांवर लाल डाग, फोड येतात. ते दुखणं कातीपेक्षा वाईट.

न खाण्याचं फार मनावर घेऊ नका. बॉल पायथन हिवाळ्यात महिनोन्‌महिने उपास करतात. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर आठवड्याला वजन घ्या. दहा टक्क्यांवर घटलं तर डॉक्टर.

सुती_धागा

निवांत_नाग यांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त गणिताची खाज भागवतो.

बाहेर उणे १० अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ८० टक्के असं धरा. ऐकायला दमट वाटतं. पण गार हवेत बाष्प मुळात मावतंच किती? तीच हवा घरात येऊन २१ अंशांपर्यंत तापली की आर्द्रता साधारण ९ टक्के उरते. हीटिंग हवेतलं पाणी 'शोषून' घेत नाही, पाणी तेवढंच असतं, हवेची भूक वाढते. ती भूक मग तुमचे ओठ, लाकडी फर्निचर आणि लाडू भागवतात. स्वयंपाक, आंघोळी, माणसांचे श्वास यांमुळे प्रत्यक्षात १५-२५ मिळत असतील. त्यातून तुम्ही समुद्रसपाटीपासून १६०० मीटरवर.

कढीपत्ता

लेकीला ही पोस्ट वाचून दाखवली. तिचा प्रश्न: "मग बाबाचा तबला उतरतो तोही यामुळेच?"

सुती_धागा

उतरत नाही, कोरड्यात चढतो. चामडं ताणलं जातं. पण लेक हुशार आहे.

तिरफळ

नारळाच्या सालीचे तुकडे म्हणजे सोडणं ना? आमच्या मालवणात ती चुलीत घालतात, पाऊस लागायच्या आधी रचून ठेवतात. ती तुम्ही डॉलर देऊन विकत घेणार आणि सापाखाली अंथरणार. माझी आजी असती तर म्हणाली असती, मेल्यांनो, जहाज भरून पाठवतंय.

निवांत_नाग

तिरफळ, विटेसारखी दाबून येतात हो! पाण्यात टाकली की फुगतात. पहिल्यांदा उघडली तेव्हा त्या वासाने मला थेट वेंगुर्ल्याच्या परसात नेऊन सोडलं होतं.

घाटवाट

मी साताऱ्याकडचा सर्पमित्र. स्पष्ट बोलतो, राग मानू नये. आफ्रिकेतला साप, अमेरिकेतला टँक, त्यात मालवणची सोडणं. एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा त्याला त्याच्या जागी राहू द्यावं. आणि इथले जे पोरगे वाचत असतील त्यांच्यासाठी: भारतात आपले साप घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. धामण असो, अजगर असो की मांडूळ. 'जखमी होता म्हणून ठेवला' हेही चालत नाही, वनखात्याला कळवायचं. परदेशी जातीचं असेल आणि ती सायटीसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत असेल, तर २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. बॉल पायथन त्या यादीत आहे.

कढीपत्ता

राग नाही. तुमचं म्हणणं तत्त्वतः पटतं. पण हा जन्मलाच पिंजऱ्यात, आमच्याकडे आला तो कुणी घेत नव्हतं म्हणून. आता त्याला घानाला सोडून येऊ शकत नाही. आहे तिथे बरा राहावा एवढंच माझ्या हातात.

घाटवाट

हे मान्य. मग एक कामाचं सांगतो. आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये साप सापडतात ते कुठे? न्हाणीघरात, रांजणाखाली, कुंड्यांमागे, माठाच्या तिवईखाली. लोक म्हणतात, उन्हाने बाहेर पडले. खरं तर ते सावली आणि ओल धरून बसलेले असतात. माळावर हवा भट्टीसारखी असते, पण वारुळात हात-दीड हात खाली गेलं की गारवा असतो. सापाला अख्खा माळ ओला लागत नाही. त्याला एक वारूळ लागतं.

निवांत_नाग

घाटवाट, लाखातलं बोललात. आणि हे नुसतं उपमेपुरतं नाही. बॉल पायथन घाना, टोगो, बेनिन भागातल्या गवताळ प्रदेशातला. तिथे हिवाळ्यात सहाराकडून हरमॅटन नावाचा कोरडा वारा येतो. तेव्हा हे साप उंदीर-घुशींच्या बिळांत आणि चक्क वारुळांत राहतात. बाहेरची हवा कितीही कोरडी असो, बिळात दमट.

तेव्हा कढीपत्ता, पहिलं काम: प्लॅस्टिकचा झाकणाचा डबा घ्या, साप गोळा होऊन कडांना टेकेल एवढाच. बाजूला भोक पाडा, त्याची कड घासून गुळगुळीत करा. आत स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) ओलं करून, घट्ट पिळून भरा. पिळल्यावर हाताला ओल लागावी, थेंब पडू नये. हा डबा उबदार बाजूला ठेवा, म्हणजे ओल उबेत टिकते. गार बाजूला दुसरी, कोरडी लपायची जागा. कुठे बसायचं ते तो ठरवेल. मॉस दर आठवड्याला बघा, वास आला की बदला.

खमंग_फोडणी

म्हणजे आयत्या बिळात नागोबा.

बोका_इन_बूट

हा माणूस निघतो म्हणाला होता ना?

उंटावरचा_शहाणा

डोळ्यावर चिकटलेली कात सेलोटेप लावून अलगद ओढली की निघते. व्हिडिओत पाहिलंय. चिमट्यानेही काढतात.

निवांत_नाग

नाही. नाही. नाही. कृपया कुणीही हे करू नका. सापाला पापणी नसते. डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि कातीबरोबर त्याचा वरचा पापुद्रा निघतो. अडकलेला पापुद्रा ओढताना खालचा खरा खवला फाटला की डोळा गेला. आधी निघालेल्या कातीत डोक्याचा तुकडा शोधा. त्यात चष्म्याच्या काचेसारख्या दोन गोल टिकल्या दिसायला हव्यात. एकच असेल तर एक अडकलीय. तरीही घाई नाही. ओल वाढवा, पुढच्या कातीबरोबर बहुतेक वेळा निघते. नाहीच निघाली, एकावर एक साठली, तर सरपटणाऱ्यांचा डॉक्टर.

शेपटीचं कडं मात्र थांबवू नका. ते वाळून आवळत जातं, रक्त तुटतं आणि टोक काळं पडून झडतं. कोमट ओल्या फडक्यातून त्याला स्वतःला सरपटू द्या, नाहीतर ओला कापूस गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं धरा.

उंटावरचा_शहाणा

बरं बाबा. माझ्याकडे साप नाही, नाव सार्थ केलं एवढंच.

मेलबर्नची_माई

आमच्याकडे परवाना काढूनच साप पाळता येतो आणि तोही ऑस्ट्रेलियातलाच, परदेशी जात चालत नाही. माझ्या मुलाकडे कार्पेट पायथन आहे. आमचा कोरडा ऋतू उलटा: जानेवारीत उत्तरेकडून वारा सुटतो, ४० च्या वर तापमान. आम्ही एकच केलं, पाण्याची वाटी काढून परातीएवढं पसरट भांडं ठेवलं, अर्धं उबदार बाजूला येईल असं. त्यातून वाफही होते आणि तो भरपूर पितो.

सतत पाण्यात बसून राहिला तर मात्र निश्चिंत होऊ नका. आम्ही 'किती छान डुंबतोय' म्हणून फोटो काढत होतो. अंगावर बारीक माइट्स (रक्त पिणारे किडे) झाल्या होत्या! पाण्यात मिरीची पूड सांडल्यासारखे काळे ठिपके दिसले तेव्हा कळलं.

आणि सगळ्यांना एकच माप लावू नका. कॉर्न स्नेकला ४०-५० टक्के पुरते. सँड बोआला इतकी ओल दिली तर तोच आजारी पडेल.

वऱ्हाडी_ठेचा

विषयांतर करतो, माफी असावी. नागपूरकर आहे. ४५ अंश आणि कोरडी हवा म्हणजे काय हे आम्हाले विचारा. तुम्ही वारूळ बनवता, आम्ही माणसाचं वारूळ बनवतो: दारं-पडदे बंद, वाळ्याच्या ताट्या, कूलर. कूलर चालतो तोच मुळी हवा कोरडी असते म्हणून. मुंबईच्या साळ्याने हौसेनं कूलर घेतला आणि भिंतीले बुरशी आणली. लहानपणी आमच्या कूलरखाली ओल धरून एक दिवड बसली होती. बाबा म्हणाले, बसू द्या, तिले बी ऊन लागते.

घाटवाट

दिवड पाण्यातली बिनविषारी, म्हणून बाबा निभावले. दुसऱ्यांनी अनुकरण करू नये.

कढीपत्ता (९ डिसेंबर)

अहवाल:

१. मिठाच्या पिशवीत दोन्ही मापक ठेवले. नव्या डिजिटलने ७३ दाखवले. जुना काटा ५० वर. मग तो पिशवीतून काढून हीटरच्या झरोक्यावर धरला. तरी ५०. फ्रीजमध्ये ठेवला. ५०! बंद पडलेलं घड्याळ निदान दिवसातून दोनदा बरोबर असतं.

२. टँकमधली खरी आर्द्रता १९ टक्के.

३. सरपटणाऱ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. शेपटीचं कडं तिथेच ओल्या कापसाने सुटलं, टोक वाचलं. डोळ्याला हात लावला नाही, निवांत_नाग यांचंच वाक्य शब्दशः म्हणाल्या. तोंडात चिकट लाळ आहे का, श्वासाला शिट्टीसारखा आवाज येतो का, तोंड उघडून मान वर धरतो का, हे तपासून छाती साफ असल्याचं सांगितलं. विष्ठेबरोबर पांढरा खडूसारखा भाग येतो तो पिवळट आणि खरखरीत झालाय का हे विचारलं. झालाय. म्हणजे पाणी कमी पडतंय.

४. सासूबाई सांगलीहून आल्यात, मुक्काम मार्चपर्यंत. शिराळ्याजवळचं माहेर त्यांचं. टँकसमोर हात जोडले आणि म्हणाल्या, "तहानलाय तो. दूध ठेवा जरा."

यावर सौम्य शब्दांत काय सांगू?

घाटवाट

सांगा की 'तहानलाय' एवढं त्यांचं शंभर टक्के बरोबर आहे. नागपंचमीला नाग दूध पितो ते याचसाठी. गारुडी त्याला आधी कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवतो, मग समोर येईल ते तो पितो. दूध पचत नाही, आणि जबरदस्तीने पाजलं तर फुप्फुसात जातं. शिराळ्यात उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जिवंत नागांचे खेळ थांबले, हे आजींना माहीत असेलच. त्यांना पाणी ठेवायला सांगा. रोज ताजं.

पुनवेचा_चांद

कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून का ठेवत नाही? त्वचेतून पाणी शोषेल.

निवांत_नाग

सापाची कातडी मुळात पाणी आत-बाहेर जाऊ नये म्हणूनच बनलीय. डुंबून कात मऊ होते, एखादा त्यात पितोही, पण कातडीतून तहान भागत नाही. आणि रोज उचलून पाण्यात घातलेला बॉल पायथन हा चिडलेला, न जेवणारा बॉल पायथन असतो. अडीनडीला ठीक. रोज करावं लागत असेल तर टँक चुकतोय.

कोलोरॅडोतलेच रॅटलस्नेक पाहा. पाऊस आला की वेटोळं पसरट करून अंगाचीच परात करतात आणि खवल्यांवर साचलेलं पाणी पितात. अंग फक्त भांडं, पितात तोंडानेच.

तिरफळ

खोलीतच ह्युमिडिफायर लावला तर?

सुती_धागा

दार बंद ठेवून छोट्या खोलीत ३५-४० पर्यंत नेता येईल, टँकवरचा भार हलका होईल, माणसांच्या नाकालाही बरं. सगळी खोली ६० वर न्यायला गेलात तर थंडीत खिडक्यांच्या काचांना घाम फुटेल आणि चौकटी कुजतील. वारूळच स्वस्त.

बोका_इन_बूट

मला भीती वाटते म्हणून विचारतो: हा खातो काय आणि ते कुठे ठेवता?

कढीपत्ता

गोठवलेले उंदीर. फ्रीझरमध्ये, खवलेल्या नारळाच्या डब्याशेजारी. सासूबाईंना अजून माहीत नाही. धागा त्या वाचत नाहीत अशी आशा.

खमंग_फोडणी

सोलकढी करताना चष्मा लावा.

कढीपत्ता (२३ जानेवारी)

धागा वर काढतेय.

फॉइल लावलं, सोडणं अंथरली, परातभर पाणी ठेवलं, मॉसचा डबा केला. जाळीवरचा दिवा काढून थर्मोस्टॅटला जोडलेलं सपाट हीट पॅनेल आतल्या छताला लावलं. उबदार बाजू ३२ अंश, गार बाजू २६. तीन दिवसांत आर्द्रता ५८ झाली आणि हलली नाही. स्प्रेची बाटली आता तुळशीला वापरते.

मध्ये माझ्या अतिउत्साहाने कोपऱ्यांत पाणी जास्त ओतलं, वरचा थरही भिजला. वजन करायला उचलला तेव्हा पोटाखाली दोन खवले गुलाबी दिसले. घाबरून सगळं बदललं, आठवडाभर ओतणं बंद. डाग गेले.

१० तारखेला डोळे निळे झाले. लाडू त्या डब्यात शिरला तो सात दिवस बाहेर नाही. लेक रोज शाळेतून आली की भोकाशी नाक. २१ ला पहाटे काहीतरी घासल्याचा आवाज आला. सकाळी पाहतो तर कात डब्याच्या भोकातून अर्धी बाहेर, उलट्या मोज्यासारखी. सलग! शेपटीच्या टोकासकट. लेकीने भिंगातून डोक्याचा भाग पाहिला. डाव्या डोळ्याची टिकली एक पदरी, उजव्याची जाड, दोन पदरी. म्हणजे जुनीसुद्धा निघाली. काल रात्री त्याने जेवणही घेतलं, जवळजवळ दहा आठवड्यांनी.

आता नवा पेच. सासूबाईंनी कात मागितलीय. तिजोरीत सापाची कात ठेवली की बरकत येते म्हणे, सांगलीला घेऊन जाणार आहेत.

घाटवाट

नेऊ देऊ नका. सायटीसच्या यादीतल्या प्राण्याची कातसुद्धा सहसा परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. विमानतळावर आजी अडकतील.

कढीपत्ता

सांगितलं. म्हणाल्या, "मग तुझ्याच तिजोरीत ठेव." आमच्याकडे तिजोरी नाही. सध्या कात करांच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये आहे.

सुती_धागा

परतावा आला की इथे कळवा.

खमंग_फोडणी

म्हणजे शेवटपर्यंत दुधाचा हबका लागलाच नाही?